रिकामी मूठ

आमच्या गल्लीत काम करायची एक रीत होती आणि तिचा सगळ्यात जास्त फायदा मला व्हायचा. सकाळचा स्वयंपाक आटोपला की आठ जणी आमच्या ओट्यावर जमायच्या. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीला उलट्या बाजूने एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरे लोंबत राहतात. ते छोट्या कात्रीने कापून साडी साफ करायची, याला आमच्या लिंबायतमध्ये धागा कटिंग म्हणतात. सात जणी धागा कापायच्या आणि आठवी, म्हणजे मी, पुस्तक वाचून दाखवायचे. माझ्या वाट्याच्या साड्या त्या सात जणी आपसात वाटून घ्यायच्या. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकल्याचा एवढा फायदा सुरतेत दुसऱ्या कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही.

पुस्तकं रद्दीवाल्याकडून यायची. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण मराठी काही आलं की तो माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. गुजरातीतून मराठी ओळखायची त्याची खूण एकच, अक्षरांच्या डोक्यावर रेघ पाहिजे. त्यामुळे हिंदीतली ट्रॅक्टरची माहितीपत्रकंही मी वर्षानुवर्षं घरी आणली आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याने मला एक जाडजूड पुस्तक दिलं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती, त्यामुळे लिहिणारा कोण ते आजही मला माहीत नाही. आत सगळ्या परदेशातल्या जुन्या काळच्या गोष्टी होत्या, मराठीत आणलेल्या.

त्या गोष्टींतल्या माणसांचा स्वभाव एकसारखाच. जाड भिंतींची घरं, सोसाट्याचा वारा, मेणबत्त्या, आणि चारचौघांत कुणीतरी कुणाचातरी केलेला अपमान. अपमान झालेला माणूस तोंडातून शब्द काढत नाही. हसतो. वर्षानुवर्षं थांबतो. मग एके दिवशी असा सूड घेतो की कानोकान खबर लागत नाही. आणि त्यानंतर, खरं तर पाय ताणून झोपायचं, तर तो आतून पोखरत जातो.

मला ते पुस्तक फार आवडलं, कारण माझाही स्वभाव असाच आहे. मला जागच्या जागी भांडता येत नाही. आज कुणी काही बोललं तर त्याचं उत्तर मला तिसऱ्या दिवशी भांडी घासताना सुचतं, तेही फार सुंदर सुचतं, पण तोवर समोरचा माणूस गावाला गेलेला असतो. म्हणून राग माझ्याकडे साठत जातो. त्या पुस्तकात मला पहिल्यांदा माझ्यासारखी माणसं भेटली.

बाकीच्या बायकांना मात्र ती माणसं मुळीच पटली नाहीत. त्यातली एक गोष्ट त्यांनी पाच-सहा वेळा वाचून घेतली, ती केवळ नावं ठेवायला. एका जमीनदाराला त्याचा मित्र भरल्या पंगतीत हसतो. जमीनदारही त्याच्याबरोबर हसतो आणि बारा वर्षं गप्प बसतो. मग मित्राला पाहुणा म्हणून बोलावतो, बुरुजातल्या शेवटच्या खोलीत झोपवतो, बाहेरून किल्ली फिरवतो आणि आपण हिवाळाभर परगावी निघून जातो. परत आल्यावर तो जेवायला बसला की रोज वरून त्या पाहुण्याचा खोकला ऐकू येतो. मोठा नाही, बारीकसा. पाहुण्याला आणखी वाढून हवं असलं की तो जसा संकोचून खोकतो, तसा.

"बारा वरीस?" कोपऱ्यावरच्या मावशी अहिराणीत म्हणायच्या. वयाने त्या सगळ्यांत मोठ्या, आणि गोष्टीतल्या माणसांनाही सुनांसारखं झापायच्या. "आमना नळवर तं बारा मिनिटमा सूड व्हई जास."

"त्या वाडामा दुसरं कोनी ऱ्हातच नही का?" दुसरी विचारायची. "आमना घरमा न्हानीले बी लाइन लागस."

खोकल्यावर तर सगळ्यांचं एकमत होतं. ओवा भाजून द्यायला हवा होता. इतकी साधी गोष्ट त्या जमीनदाराच्या घरात कुणालाच सुचली नाही, यावरून ते लोक कसे असतील ते समजावं, असं मावशी म्हणायच्या. भुताने दार वाजवण्याचाही आमच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. शेजारी दोन्ही बाजूंना लूम चालतात. आमच्याकडे भुताने दार वाजवलं तर वाजवून वाजवून त्याचेच हात दुखतील.

एक आक्काच तेवढी त्या गोष्टीवर कधी काही बोलायची नाही. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझे जेठ, म्हणजे तिचा नवरा, रिक्षा चालवतात, माझा नवरा उधन्याला एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मशीनवर आहे. आम्ही दोघी जावा गेली एकवीस वर्षं वर-खाली राहतो, ती खाली, मी वर, आणि जिना मधे असूनही स्वयंपाक बहुतेक एकच. तिची कात्री गल्लीत सगळ्यात वेगाने चालते. माझ्या वाट्याच्या साड्यांतल्या निम्म्या तीच करायची.

गेल्या आषाढात एक दिवस मी ती खोकल्याची गोष्ट पुन्हा काढली. मीच काढली, कुणी मागितली नव्हती. मी चांगलं खोकून दाखवायचे, मला त्याचा अभिमान होता. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात आक्काने कात्री खाली ठेवली, कनवटीचा मोबाइल काढला आणि ओट्याच्या मधोमध ठेवला. त्यातून एक बाई मराठीत गोष्ट सांगायला लागली. पुण्याकडची असावी, प्रत्येक 'च' जिभेवर ठेवून उतरवत होती.

"आते ऱ्हाऊ दे वं तुनं," आक्का म्हणाली. "हाई बाई चांगली वाचस. इना गळा बी बसत नही. तू कात्री धर. आठ दिन धागा काप, मंग समजी."

सगळ्या हसल्या. मावशीसुद्धा. मीही हसले, कारण पुस्तकातला माणूस तसंच करतो. पण माझे कान तापले होते. तिथेच माझी जागा गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मांडीवर पुस्तकाऐवजी साडी आली, आणि ती पुण्याची बाई न थकता, पाणीसुद्धा न मागता बोलत राहिली. आठवड्याभरात माझ्या अंगठ्याला फोड आला. मी मनात म्हटलं, आक्का, तुझा सूड घेतल्याशिवाय राहणार नाही.

म्हणायला सोपं असतं. सूड घ्यायला आधी एकांत लागतो, आणि तो लिंबायतमध्ये कुठून आणायचा. आक्काच्या चहात साखर टाकायची नाही असं मी ठरवलं, तर डॉक्टरने तिला साखर बंदच केलेली होती, तिने मला दुवा दिला. तिचा चष्मा लपवला, तर तिला धागा दिसेना आणि तिच्या साड्या माझ्याकडे आल्या. चष्मा मी अर्ध्या तासात पिठाच्या डब्यामागे 'सापडवला'. तिच्याबद्दल कुणाजवळ चार वाईट शब्द बोलावे, तर आमच्या घरात पुढच्या दारी बोललेलं मी मागच्या दारी पोचायच्या आत पोचलेलं असतं. त्या परदेशी लोकांना बुरूज होते, तळघरं होती. माझ्याकडे एक लोखंडी कपाट होतं आणि त्याचीही किल्ली आक्काच्या कमरेला.

मग श्रावण आला आणि आमची कानबाई आली. खानदेशची माणसं पोटासाठी सुरतेत आली, तेव्हा भांडी मागे राहिली असतील, पण कानबाई बरोबर आणली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी तिला पोचवतात. तिचा नैवेद्य म्हणजे रोट, मुठीच्या गव्हाची पुरणपोळी आणि खीर. त्याचे गहू आदल्या दिवशी काढायचे, आणि ते मापाने नाही, माणसांवर काढायचे. भाऊबंदकीत जेवढी माणसं तेवढ्या सव्वा मुठी. बऱ्याच घरांत फक्त पुरुषांच्या मुठी घेतात. आमच्या सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, ते मोडलं. पोळ्या बायकांनी लाटायच्या आणि मूठ नाही, हे कुठलं गणित, असं म्हणून त्यांनी बायका-पोरींच्याही मुठी सुरू केल्या. तान्ह्या बाळाचीही सव्वा मूठ. फक्त जो वर्षभरात गेला, त्याची मूठ पुढल्या श्रावणात घेत नाहीत. आणि ज्याची मूठ पडली नाही, त्याने तो रोट खायचा नाही. बाहेरच्या माणसाला त्यातला घासही देत नाहीत.

मुठी थोरल्या सुनेने घ्यायच्या, म्हणजे आक्काने. पण त्या शनिवारी कात्री लागून तिच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. ती म्हणाली, मी नावं घेते, तू मुठी घे. आम्ही समोरासमोर बसलो. मधे सुपात निवडलेले गहू, बाजूला पितळी पातेलं. ती एकेकाचं नाव घ्यायची, मी मूठ भरायचे, पातेल्यात सोडायचे, वर चिमूटभर सव्वा म्हणून टाकायचे. गहू पितळेवर पडला की खणखणीत आवाज होतो. जेठांची मूठ, माझ्या नवऱ्याची, माझी, आम्हा दोघींच्या चारही पोरांची, उधन्याच्या चुलत दिरांच्या घरची नऊ. सोळा झाल्या.

"अन् मी," आक्का म्हणाली.

सतरावी. मी सुपात हात घातला. त्या क्षणी मला काय झालं ते मी प्रामाणिकपणे सांगते. मला पुस्तकातला तो माणूस आठवला आणि वाटलं, हाच तो सूड. कुणाला कळणार नाही, कुणाला लागणार नाही, साखर नको, चष्मा नको. मी गव्हात बोटं फिरवली, मूठ आवळली आणि रिकामीच वर आणली. पातेल्यावर नेऊन उघडली. अर्थात आवाज झाला नाही. ते झाकायला मी खोकले. मग वर चिमूट टाकल्यासारखं केलं आणि पातेल्यावर फडकं बांधलं.

आक्का माझ्याकडे पाहत होती. पण ती नेहमीच माझ्याकडे तशी पाहते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत मी उठले.

आनंद किती वेळ टिकला म्हणाल, तर गल्लीच्या टोकाच्या चक्कीपर्यंत. दळण टाकून आम्ही दोघी उभ्या होतो, पीठ उडत होतं, आणि आक्का खोकली. बारीकसं. संकोचून.

घरी येईपर्यंत ती अकरा वेळा खोकली. मी मोजले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की मी नेमकं काय केलं होतं. मूठ नाही म्हणजे माणूस नाही. जित्याजागत्या बाईला मी देवीसमोर मेलेल्यांत काढलं होतं, आणि देवीने ते ऐकलं असेल तर? मी शिकलेली आहे, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी मुलांना नेहमी सांगते. त्या संध्याकाळी मी ओवा भाजून तव्यावरूनच तिच्या तळहातावर ओतला.

"जाळी टाकस का माले?" ती म्हणाली.

मग आल्याचा काढा केला. हळदीचं दूध केलं. गरम पाण्याची पिशवी आणली. एरवी मी तिला पाण्याचा पेलासुद्धा दहा वेळा सांगितल्यावर देते. तिने पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "काय काम शे तुनं? सरळ सांग." मी म्हटलं काही नाही. रविवारी सकाळी तिला बळेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पिठाची धूळ गेली आहे, घाबरायचं काही नाही, आणि गुलाबी औषध दिलं. पण पुस्तकातले डॉक्टरही आधी असंच म्हणतात. मला काही धीर आला नाही.

परत आल्यावर मी सुटकेचा एक मार्ग काढला. आमच्या डब्यातले मूठभर गहू मिक्सरमध्ये फिरवले आणि ते पीठ रोटाच्या पिठात गुपचूप मिसळायचं ठरवलं. ओंजळीत पीठ घेऊन मी वाकले होते, तेवढ्यात पाठीमागून मोठ्ठा खोकला आला. माझ्या हातातलं पीठ उडालं, केसांवर, पदरावर, कानबाईच्या चौरंगावर. मागे जेठ उभे होते. धाकट्या भावजयीने पदर सावरावा म्हणून जेठ दारात खोकतात, आमच्याकडची रीतच आहे ती. एकवीस वर्षं ते खोकत आले आहेत. मी पदर घेतला, ते दुसरीकडे पाहत भिंतीला उद्देशून म्हणाले, "आठे पीठ कशानं सांडनं?" आणि झाडू आणायला गेले. मिक्सरचं पीठ तसंही जाडंभरडं निघालं होतं, कुणीही ओळखलं असतं.

आता एकच उरलं होतं, तोंडाने सांगणं. रोटाचं ताट वाढायच्या आधी. नाहीतर आक्का तो रोट खाणार होती, ज्यात तिचा दाणा नव्हता. सांगितलं तर काय होईल तेही मला कळत होतं. ती ओरडेल याची भीती नव्हती. ती ओरडतेच. ती पुन्हा माझ्याशी बोलणार नाही याची भीती होती. मुंबईला माहेर, आई-वडील नाहीत, या गावात मला माझं म्हणावं असं माणूस ती एकच होती. हे मला मोबाइल ठेवला त्या दिवशी आठवायला हवं होतं, पण म्हटलं ना, मला सगळं तिसऱ्या दिवशी सुचतं.

दुपारी गच्चीवर आम्ही दोघीच होतो. चुलीवर खापर पालथं घातलेलं होतं. खापरावरची पुरणपोळी पोळपाटावर लाटत नाहीत, दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करतात, पार कोपरापर्यंत येते. ही कला घरात फक्त आक्काला येते, म्हणून अंगठ्याची पट्टी सोडून तीच बसली होती. मी जाळ घालत होते. मी वाट पाहिली. तिच्या हातांवर पोळी पुरती पसरली, रुमालाएवढी झाली, तेव्हा बोलले. अशा वेळी तिला ना मला मारता येणार होतं, ना पोळी टाकता.

"आक्का, काल मी तुनी मूठ टाकी नही. रिकामी टाकी."

तिचे हात थांबले नाहीत. पोळी आणखी दोन बोटं वाढली. तिने ती खापरावर सोडली, कडेने बोट फिरवलं, फुगे फोडले. मला वाटलं तिने ऐकलंच नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"कसं?"

"आवाज नही उना. सोळा मुठीसना उना, मना नही. अन् तू खोकलनी." तिने पोळी उलटली. "मी बी तशीच खोकलनू व्हतू."

तिने पोळीची घडी घातली, टोपलीत ठेवली आणि मग, माझ्याकडे न पाहता, खापराकडे पाहत सगळं सांगितलं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई येताजाता म्हणायच्या, धाकटी शिकेल शे, धाकटी शिकेल शे. आक्काला सही करता येत नव्हती. सासूबाई माझ्याकडून गावाची पत्रं वाचून घ्यायच्या आणि आक्काला म्हणायच्या, तू चूल बघ. त्या श्रावणात सासूबाई नावं घेत होत्या आणि आक्का मुठी. माझं नाव आलं तेव्हा तिने रिकामी मूठ टाकली आणि खोकली. मी तो रोट पोटभर खाल्ला. आणि भाद्रपदात मला टायफॉइड झाला.

"त्या खोकलावाला मानूसनी गोठ तू रोज काढस," ती म्हणाली. "अन् खोकी बी दखाडस. माले ऐकावत नही वं. म्हनीसन तो मोबाइल आना."

मी जाळ घालायचं विसरले होते. टायफॉइडचे ते दिवस मला नीट आठवतात. बारा दिवस मी दवाखान्यात होते. नवरा कामावर, सासूबाईंचे गुडघे धरलेले. बारा दिवस आक्का माझ्या खाटेशी होती. तिचा मोठा तेव्हा दीड वर्षाचा, त्याला सासूबाईंकडे ठेवून ती खाली जमिनीवर झोपायची. मला भरवायची, माझं अंग पुसायची, माझे केस गळायला लागले तर गळलेले केस मुठीत लपवायची. या गावात आपलं कुणीतरी आहे, हे मला त्या बारा दिवसांत कळलं होतं. पुढे एकवीस वर्षांत ती मला जे काही टाकून बोलली, ते मी त्या बारा दिवसांच्या जोरावर गिळलं. आणि आता कळत होतं की बाई भ्यायली होती. मी मेले तर पाप लागेल म्हणून ती बसली होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं रडू आलं, आणि ते मी धुरावर ढकललं.

"फिटनं आते," आक्का म्हणाली. "तू मनी, मी तुनी."

"तू रोट खाशील ना पण?"

"कसा खाऊ? तू खादा व्हता त्या वरीसले. मंग व्हयना ना टायफॉइड."

मी घाबरून गणित मांडलं. प्रत्येकाची सव्वा मूठ. वरचे पाव-पाव धरले तर सोळा पाव म्हणजे चार मुठी जास्तीच्या पडल्या. त्यात तिची सव्वा आरामात बसते. मी चिमूटच टाकते वर, पण देवीच्या दरबारी तो पावच धरत असतील.

"तुनी दहावी तुनाजोडे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पुढचा उंडा हातावर घेतला.

नैवेद्य झाला, आरती झाली. जेठ, माझा नवरा, चुलत दीर, पोरं, सगळे पंगतीला बसले. बायकांची पंगत मागून बसली. सगळ्यांना रोट वाढला, आक्काने ताटच घेतलं नाही. चुलत जावेने विचारलं तर म्हणाली, पोट बिघडलंय, आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. सकाळीच दवाखान्यातून आलेली, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. माझ्यासमोर पुरणपोळी, खीर, आमटी, गंगाफळाची भाजी, आणि मी नुसती पोळीची घडी उघडत-मिटत होते. शेवटी मी ताट घेऊन उठले आणि आतल्या खोलीत तिच्याजवळ जाऊन बसले.

"हाई मनी मूठ शे," मी ताट तिच्यापुढे सरकवत म्हटलं. "मनी. यातलं मी कोनले बी दिसू."

तिने बराच वेळ विचार केला. देवीला हे चालेल की नाही याचा करत असेल, किंवा भूक जास्त लागली असेल. मग पोळीचा एक मोठा तुकडा तोडून आमटीत बुडवला. आम्ही एका ताटात जेवत बसलो. तिचा खोकला थांबला होता की नाही ते मला आठवत नाही. मोजायचं मी विसरले होते. मला एकच विचारायचं होतं, आणि या वेळी ते तिसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नव्हतं.

"दवाखान्यात बारा दिवस बसलीस ती भीतीनेच का?" मी मराठीतच विचारलं. अहिराणीत मला ते विचारवेना.

"आठ दिन," ती खाता खाता म्हणाली. "नववा दिनले तू मना नवा पातळवर उलटी करी. इतला राग उना माले, तुले दोन रट्टा देवाना इचार व्हता. जेनं भ्याव वाटस, त्यानावर राग येत नही वं. तवय समजनं माले, भ्याव गया."

"मग पुढचे चार दिवस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दहावी शिकलेली बाई इतकी मठ्ठ कशी. मग माझ्या बाजूची पोळी स्वतःकडे ओढून घेतली.